प्राणिसंग्रहालयाचं काम कुंपणाच्या आत मोजायचं की बाहेर?

महानदीकाठ (धागाकर्ती)

शेजारच्या धाग्यावर 'प्राणिसंग्रहालयं बंद करा' यावरून बरीच वादावादी झाली. तिथं अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. नोकरीमुळे मी बरीच वर्षं भुवनेश्वरला आहे आणि इथलं नंदनकानन प्राणिसंग्रहालय मला चांगलं माहीत आहे. म्हणून फार पसारा न मांडता त्यातल्या एकाच प्राण्याबद्दल लिहिते, तो म्हणजे लांब, निमुळत्या तोंडाची घडियाल सुसर.

१९७४च्या पाहणीत सगळ्या देशात मिळून दोनशेपेक्षा कमी सुसरी उरल्याचा अंदाज निघाला होता. कातडीसाठी शिकार, मासेमारीची जाळी, धरणं, वाळूतली अंडी पळवणं, अशी सगळी कारणं एकत्र आली होती. १९७५मध्ये मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला आणि ओडिशात महानदीच्या सातकोसिया घळीत टिकरपाड्याला सुसरींचं केंद्र उभं राहिलं. पद्धत अशी होती की नदीकाठच्या वाळूतून अंडी गोळा करायची, ती सुरक्षित जागी उबवायची, पिल्लं साधारण सव्वा मीटर लांब होईपर्यंत सांभाळायची आणि मग नदीत सोडायची. निसर्गात पहिल्या वर्षातच बहुतेक पिल्लं पुरात वाहून जातात किंवा कुणाच्या तरी पोटात जातात, ते टाळायचं.

नंदनकाननचा वाटा इथं येतो. बंदिवासात सुसरींची वीण व्हावी यासाठी प्रौढ नर हवा होता आणि तो देशात सहजी मिळत नव्हता. शेवटी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयातून नर आणला आणि १९८०मध्ये नंदनकाननच्या तळ्यात पिल्लं जन्मली. बंदिवासात सुसरींची वीण होण्याची जगातली ती पहिली वेळ.

बहुतेक लेख इथंच संपतात, पण मला पुढचं महत्त्वाचं वाटतं. सातकोसियात वर्षानुवर्षं पिल्लं सोडली जात होती, तरी तिथल्या सुसरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या होत्या. दात जाळ्यात अडकले की सुसर सुटू शकत नाही आणि पाण्याखाली गुदमरून मरते. वर हिराकुडचं धरण. पाणी सोडलं की वाळूचे काठ बुडतात, आणि वाळूचे काठ नाहीत तर घरटं करायचं कुठं? म्हणजे प्राणिसंग्रहालय आपलं काम नीट करत होतं, आणि नदी मात्र त्या सुसरींना जगू देत नव्हती.

२०१९नंतर चित्र थोडं पालटलं. नंदनकाननमध्ये वाढलेल्या काही सुसरी अंगावर रेडिओ टॅग लावून सोडल्या. त्या कुठं जातात, कुठं अडकतात हे कळायला लागलं. त्यातल्या काही मेल्याही. सरकारनं मच्छिमारांसाठी योजना आणली: जाळ्यात सुसर सापडली तर जाळं कापून तिला सोडा, जाळ्याची भरपाई मिळेल आणि वर १००० रुपये बक्षीस. २०२१च्या मे महिन्यात सातकोसियात जंगलातल्या घरट्यातून २८ पिल्लं बाहेर आली. चार दशकांनंतर पहिल्यांदा!

म्हणून माझं म्हणणं असं आहे की प्राणिसंग्रहालयात किती पिल्लं झाली हा अर्धाच हिशेब. ती ज्या नदीत किंवा जंगलात जायची आहेत, त्या जागेशी संग्रहालयाचं रोजचं नातं आहे का, हा खरा प्रश्न. तुमच्या ओळखीच्या संग्रहालयांबद्दल लिहा. महाराष्ट्रातल्या कुठल्या संग्रहालयाला अशी 'आपली' जागा आहे?

*

भायखळेकर

धागा आवडला, पण मी थोडं वेगळं लिहिणार आहे. आमच्या राणीच्या बागेला १८६२पासूनचा इतिहास आहे. मुंबईत वाढलेल्या कित्येक पिढ्यांनी पहिला हत्ती, पहिलं माकड तिथंच पाहिलं. २०१६मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. त्यातला एक तीन महिन्यांत दगावला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आता त्यांची तिथं वीण होते, गर्दी तुफान असते. तिकीट पाच रुपयांचं पन्नास झालं तरी लोक येतात. या पैशातून बाकीच्या प्राण्यांचे पिंजरे सुधारत असतील तर पेंग्विनला नावं का ठेवायची?

*

माळरान

@भायखळेकर, पेंग्विनला कुणी नावं ठेवू नयेत, तो बिचारा स्वतःहून आलेला नाही. पण हे पक्षी पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्यासाठी मुंबईच्या उकाड्यात १६ ते १८ अंश तापमान चोवीस तास, बारा महिने राखावं लागतं. पाणी सतत गाळायचं, थंड करायचं. एवढी वीज खर्चून आपण पेरूच्या किनाऱ्यावरच्या पेंग्विनसाठी काय करतो? तिकिटातला एक रुपया तरी तिथल्या संवर्धनाला जायला हवा, आणि तसा तो जात असेल तर मोठ्या अक्षरांत लिहायला हवा. प्रेक्षक खेचणारा प्राणी ठेवायला माझी ना नाही. त्याच्या नावावर जमलेला पैसा त्याच्या मूळ घरापर्यंत पोहोचावा, एवढंच.

दुसरा मुद्दा वंशावळीचा, इंग्रजीत ज्याला स्टडबुक म्हणतात त्या नोंदवहीचा. याबद्दल लोक बोलतच नाहीत. छतबीडच्या (चंडीगडजवळच्या) संग्रहालयात सिंहांची पैदास जोरात झाली, पण त्यात सर्कशीतून आलेल्या सिंहांचं आफ्रिकी रक्त मिसळलेलं होतं. गीरचा सिंह म्हणून त्यांचा काही उपयोग नाही हे कळलं तेव्हा संकरित सिंहांनी पिंजरे भरले होते. शेवटी नसबंदी करून वीण थांबवावी लागली. ते सगळे सिंह आयुष्यभर सांभाळायचे, खाऊ घालायचे, आणि संवर्धनाला त्यांचा काडीचाही हातभार नाही. नोंद नीट ठेवली नाही की असं होतं. जुनागडच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयात गीरच्या सिंहांची शुद्ध वीण अनेक दशकं चालू आहे, ती या नोंदींच्याच जोरावर.

पांढऱ्या वाघांचंही तेच. रीव्याच्या महाराजांनी १९५१मध्ये पकडलेला 'मोहन' आणि त्याची मुलगी यांच्या संबंधातून ती वंशरेषा वाढली. बाप-लेकीच्या विणीतून टिकवलेला रंग. जंगलाला पांढऱ्या वाघांची गरज नाही. गर्दीसाठी त्यांची पैदास करणं आणि फलकावर 'संवर्धन' लिहिणं मला अजिबात पटत नाही. (धागाकर्तीसाठी: तुमच्या नंदनकाननमध्येही पांढरे वाघ आहेत आणि त्यांचं भरपूर कौतुक होतं. त्याच संग्रहालयात सुसरीचं काम आणि पांढऱ्या वाघांचं प्रदर्शन दोन्ही चालतं, हे नोंदवून ठेवतो.)

*

महानदीकाठ

@माळरान, मान्य. दोन्ही एकाच तिकिटात दिसतात आणि लोक वाघापाशीच थांबतात. सुसरीच्या तळ्यापाशी फार कुणी रेंगाळत नाही.

*

गोठ्यावरचा डॉक्टर

मी पशुवैद्यक आहे, बहुतेक काम गाई-म्हशींचं. या धाग्यावर शाश्वत व्यवहार हा भाग अजून आलेला नाही म्हणून लिहितो.

संग्रहालय म्हटलं की रोज किती शेण-लेंडी निघते याचा विचार करा. एकटा प्रौढ हत्ती दिवसाला शंभर किलोच्या आसपास शेण टाकतो. चितळ, नीलगाय, गवे यांची लेंडी, उरलेला चारा, पालापाचोळा यांपासून गांडूळखत आणि गोबरगॅस दोन्ही होतं. मैसूरसारख्या ठिकाणी हे खत विकलंही जातं. पण एक गोष्ट लोक विसरतात. प्राण्यांना जंताचं औषध दिलं की पुढचे काही दिवस त्याचा अंश शेणात येतो. आयव्हरमेक्टिन दिलेल्या जनावराच्या शेणात शेणकिडे तग धरत नाहीत. ते शेण तसंच खड्ड्यात टाकलं तर गांडुळांचीही खात्री नाही. म्हणून औषध दिलेल्या दिवसांचं शेण वेगळं काढायचं, आणि मांसाहारी प्राण्यांची विष्ठा तर या खड्ड्यात कधीच नाही. हे केवळ फलक लावून होत नाही, प्राण्यांची देखभाल करणाऱ्या किपरला सांगावं लागतं आणि त्याला त्यासाठी वेळ द्यावा लागतो.

पाण्याचंही तसंच. वाघ-सिंहांभोवतीच्या खंदकातलं पाणी, पाणघोड्याचं तळं. हे पाणी बदलून थेट गटारात सोडणारी संग्रहालयं मी पाहिली आहेत. वास्तविक पाणघोड्याच्या तळ्यातलं पाणी म्हणजे पातळ खतच. साध्या गाळणखड्ड्यातून आणि वनस्पतींच्या पट्ट्यातून सोडलं तर झाडांना देता येतं.

आता गिधाडं. हा विषय माझ्या धंद्याशी थेट जोडलेला आहे. आम्ही जनावरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचत होतो, ती जनावरं मेली की गिधाडं खात होती आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरत होती. पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जायच्या, म्हणून २०१५मध्ये बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली. मग २०२३मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक या तशाच औषधांवर जनावरांसाठी बंदी. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित आहे, आणि ते वापरून काही अडत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

पिंजोरचं गिधाड प्रजनन केंद्र बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आणि हरियाणा वनविभागानं उभं केलं. भोपाळचं वनविहार, हैदराबादचं नेहरू प्राणिसंग्रहालय, जुनागड, नंदनकानन इथंही गिधाडांची वीण करायचं ठरलं. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि वयात यायला चार-पाच वर्षं घेतं, त्यामुळे हे काम दशकांचं आहे. तिथं गिधाडांना बोकडाचं मांस देतात, आणि तो बोकड आधी काही दिवस बाळगतात, म्हणजे त्याच्या अंगात औषध उरलेलं नको. एवढी काळजी!

पण पिल्लं तयार झाली तरी बाहेरच्या मेलेल्या जनावरात डायक्लोफिनॅक असेल तर सगळं वाया. म्हणजे गिधाड केंद्राचं निम्मं काम गोठ्यात आणि औषधाच्या दुकानात आहे. महानदीकाठ ताईंचा मुद्दा मला इथून पटतो.

*

गोंडवनी

+१ डॉक्टर. २०२४च्या सुरुवातीला पिंजोरहून गिधाडं आमच्याकडे ताडोबात आणि पेंचला आली. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात राहून ती बाहेरच्या हवेला सरावली, मग सोडली. त्यातलं ताडोबाचं एक गिधाड पार तामिळनाडूपर्यंत उडत गेलं आणि तिथं विजेच्या धक्क्यानं मेलं. ती बातमी वाचून वाईट वाटलं, पण ते कळलं कशामुळे, तर टॅगमुळे. आता विजेच्या खांबांचाही विचार करावा लागणार. गडचिरोलीत गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवायच्या जागा वनविभागानं केल्या आहेत, गावकऱ्यांचा सहभाग आहे. तिथं जनावर ठेवण्याआधी त्याला कुठलं औषध दिलं होतं हे विचारलं जातं का, हे डॉक्टरांसारख्यांनी जाऊन पाहावं.

*

मस्कतची मावशी

मी ओमानमध्ये राहते. इथल्या अरबी ओरिक्सची गोष्ट या धाग्यावर असायलाच हवी.

पांढरं अंग, सरळ लांब शिंगं, वाळवंटातला हा हरणासारखा प्राणी. १९६०च्या दशकात तो संपणार हे दिसत होतं, तेव्हा अमेरिकेतल्या फिनिक्स प्राणिसंग्रहालयात थोडे ओरिक्स जमवून कळप सुरू केला. १९७२मध्ये जंगलातला शेवटचा ओरिक्स मारला गेला. प्रजाती फक्त संग्रहालयांत उरली. दहा वर्षांनी, १९८२मध्ये, ओमानच्या जिद्दत अल-हरासीसमध्ये ते पुन्हा सोडले. राखणदार म्हणून तिथल्याच हरासीस टोळीतली माणसं नेमली. १९९६पर्यंत संख्या ४५०वर गेली. युनेस्कोनं त्या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला होता.

मग पुन्हा चोरटी शिकार सुरू झाली. जिवंत पकडून विकायचे. संख्या ६५वर आली. त्यात तेलाच्या शोधासाठी अभयारण्याचं क्षेत्र ९० टक्के कमी केलं गेलं आणि २००७मध्ये युनेस्कोनं ती जागा यादीतून काढून टाकली. यादीतून वगळलेली जगातली ती पहिली जागा.

तरीही ओरिक्स संपला नाही, कारण संग्रहालयांत आणि कुंपणातल्या कळपांत तो होता. आज सौदी, अमिरात, इस्रायल, जॉर्डनमध्ये तो आहे. शेजारच्या धाग्यावर 'हा सगळा पैसा जंगलाला द्या, संग्रहालयं कशाला' म्हणणाऱ्यांना मी हेच सांगेन. जंगल दोनदा हातचं गेलं आणि दोन्ही वेळा संग्रहालयातले प्राणी होते म्हणून पुन्हा सुरुवात करता आली. त्याच वेळी महानदीकाठ म्हणतात तेही खरं. नुसतं सोडून भागलं नाही, राखण ढिली पडली आणि वीस वर्षांचं काम धुळीला मिळालं.

*

चिपळूणचा वशिष्ठी

माहितीपूर्ण धागा. एक प्रश्न. आमच्याकडे कोकणात खवल्या मांजराची चोरटी शिकार बरीच होते. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावागावांत त्याविषयी चांगलं काम केलं आहे. डुगवे गावात तर खवलोत्सव होतो, खवल्या मांजराची पालखी निघते. नंदनकाननला खवल्या मांजराचं प्रजनन केंद्र आहे असं ऐकतो. कोकणात असं केंद्र व्हावं का?

*

महानदीकाठ

@वशिष्ठी, केंद्र आहे आणि तिथं वीणही झाली आहे. पण खवलं मांजर बंदिवासात ठेवणं अतिशय कठीण. त्याचं खाणं मुंग्या आणि वाळवी. रोज एवढ्या मुंग्या आणायच्या कुठून? खाणं बदललं की पोट बिघडतं, ताण सहन होत नाही. जिथं तस्करांकडून सोडवलेली जनावरं येतात तिथं हे ज्ञान लागतंच, आणि ते ज्ञान नंदनकाननसारख्या ठिकाणी तयार झालं. पण कोकणात जंगलात खवलं मांजर अजून आहे. तिथं मला वीण केंद्रापेक्षा जखमी किंवा सोडवलेल्या जनावरासाठी चांगला दवाखाना आणि ती पालखी जास्त मोलाची वाटते. गावानं ज्याची पालखी काढली त्याची खवलं विकायला कुणाचा हात धजेल? नंदनकाननमधल्या डॉक्टरांनी कोकणातल्या पशुवैद्यकांना शिकवावं. मुक्या जनावराला इकडून तिकडं हलवण्यापेक्षा ते बरं.

*

शाळेतल्या बाई

मी पुण्यात शिकवते. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात मुलांना घेऊन जाणं दर वर्षी होतं. (बुधवारी बंद असतं, हे नव्या शिक्षकांनी लक्षात ठेवा.) माझी तक्रार फलकांबद्दल आहे, आणि ती एका संग्रहालयाची नाही, जवळजवळ सगळीकडे हेच आहे. फलकावर शास्त्रीय नाव, वजन, आयुष्य, खाद्य. लांडग्याच्या पिंजऱ्यापुढं उभी असलेली मुलं विचारतात, 'बाई, हा कुठं राहतो?' फलक सांगतो: भारत, नेपाळ, पाकिस्तान. अहो, तो सासवडला राहतो! मुलांच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. हे सांगितलं की मुलांचे डोळे बदलतात.

*

माळरान

@शाळेतल्या बाई, फार महत्त्वाचं बोललात. माझ्या नावामुळे मी या विषयात पक्षपाती आहे, पण सासवड, जेजुरी, सुपे, इंदापूरचा गवताळ माळ हीच कात्रजची 'आपली' जागा व्हायला हवी. धाग्याच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर हे.

तिथल्या लांडग्यांवर दोन संकटं आहेत. एक, भटक्या कुत्र्यांशी संकर. पुण्याजवळच्या माळावर लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झाला आहे. दुसरं, कुत्र्यांकडून येणारे रोग. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग काय करू शकतो हे २०१८मध्ये गीरच्या सिंहांच्या मृत्यूंनी दाखवलं आहे. आता संग्रहालयाकडे काय असतं? पशुवैद्यक, गुंगीचं औषध द्यायचं कौशल्य, प्रयोगशाळेशी संबंध, आणि रोज येणारे हजारो लोक. या चार गोष्टी माळावरच्या संस्थांकडे आणि वनविभागाकडे कमीच असतात. संग्रहालयाच्या डॉक्टरांनी वर्षातून काही दिवस माळावरच्या गावांत धनगरांच्या आणि गावच्या कुत्र्यांचं लसीकरण केलं, तर पिंजऱ्यातल्या लांडग्यापेक्षा बाहेरच्या लांडग्याचं जास्त भलं होईल. खर्चही फार नाही. धनगरांशी बोलणं होईल ते वेगळंच, आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय लांडग्याचं काहीच होत नाही.

गवताळ माळाला सरकारी कागदावर 'पडीक' म्हणतात आणि झाडं लावून मोकळे होतात. फलकावर हेही लिहा की लांडग्याला झाडी नको, गवत हवं.

*

गोठ्यावरचा डॉक्टर

लसीकरणासाठी मी तयार आहे. व्यवस्था होत असेल तर आणखी काही मित्रांनाही विचारतो. फक्त एक: लस शीतपेटीत न्यावी लागते आणि बूस्टरसाठी पुन्हा जावं लागतं. एकदा जाऊन फोटो काढण्याचं हे काम नाही. कुत्र्यांच्या मालकांची नावं आणि तारखा लिहून ठेवणारा गावातलाच एखादा पोरगा हवा.

*

भायखळेकर

मी अजूनही पेंग्विनच्या बाजूनं आहे :) पण माळरान यांचा एक मुद्दा घेतो. राणीच्या बागेत प्राण्यांइतकीच जुनी झाडं मोलाची आहेत. गोरखचिंच आहे, इतरत्र सहसा न दिसणारे कित्येक वृक्ष आहेत. ही झाडं वाचवण्यासाठी नागरिकांनी मोठी लढाई दिली. झाडांच्या बिया आणि रोपं मुंबईतल्या शाळांना, सोसायट्यांना देणं हेही संवर्धनच ना? त्याला ना वातानुकूलन लागतं, ना परदेशातून काही आणावं लागतं.

*

महानदीकाठ

@भायखळेकर, नक्कीच!

@शाळेतल्या बाई, तुमच्यासाठी एक सुचवते. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण दर वर्षी मान्यताप्राप्त संग्रहालयांतल्या प्राण्यांची यादी प्रसिद्ध करतं. वर्षाच्या सुरुवातीला किती, किती जन्मले, किती आले, किती मेले, किती दुसरीकडे पाठवले. सहलीआधी आठवी-नववीच्या मुलांना कात्रजचं पान काढून द्या. दोन-तीन प्राणी निवडू द्या आणि मागच्या काही वर्षांचे आकडे मांडू द्या. मग तिथं गेल्यावर मुलं अधिकाऱ्यांना नेमकं विचारतील: हे चार कुठं गेले? याला जोडीदार का नाही? याची पिल्लं कधी जंगलात जाणार आहेत का? उत्तर 'नाही' असलं तरी चालेल, म्हाताऱ्या किंवा जखमी जनावराला आसरा देणं हेही संग्रहालयाचं काम आहे. पण ते तसं सांगायला हवं.

@डॉक्टर, @माळरान, लसीकरणाचं इथंच विरून जायला नको. पुण्याच्या आसपासच्या ज्यांना हात लावायचा आहे त्यांनी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी तुमची एकमेकांशी गाठ घालून देते. पावसाळ्यात धनगर कोकणातून माळावर परततात, त्याच्या थोडं नंतर सुरू केलं तर त्यांचे वाडे (मेंढ्यांसह मुक्काम) एका जागी सापडतील, असं मला वाटतं. चूक असेल तर माळरान सांगतीलच.

*

माळरान

बरोबर आहे, दिवाळीच्या आधी करावं. दिवाळीनंतर वाडे पुन्हा कोकणाकडे निघतात. सुप्याच्या बाजूचे दोन वाडे माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना आधी विचारतो.